अण्णांना सांगू का नको, आणि भाच्याच्या त्या डीएनए किटचं काय करू

पत्र सोलापुरातलंच आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या एका दादांचं. लांबलचक आहे, सगळं देत नाही, गाभा तेवढा देते आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललंय. आज्जी, अण्णा, काका या हाकासुद्धा मी माझ्या घरातल्या घातल्यात, त्यांच्या घरात दुसऱ्या असतील, त्यावरून कोणी त्यांची जात नाहीतर धर्म काढायला बसू नका.

"ताई, आमचं मूळ गाव नळदुर्गच्या बाजूचं. आज्जी दोन वर्षांपूर्वी गेली, नव्वदीच्या पुढं होती. जायच्या आधी महिनाभर माझी बायको तिचे पाय चेपत होती तेव्हा तिनं सांगितलं की सन ४८ च्या गोंधळात तिला गावातून उचलून नेलं होतं, तीन आठवड्यांनी परत आली, आणि आमचे अण्णा त्यातले. आजोबांना माहीत होतं. ते तिला घेऊन सोलापूरला आले, मिलमध्ये लागले, परत गावाला गेलेच नाहीत. 'तुझ्याजवळ ठेव, वेळ आली तर सांग' असं आज्जी म्हणाली म्हणून बायकोनं दोन वर्षं पोटात ठेवलं. आता पुण्याचा भाचा म्हणतो डीएनए किट मागवू, आपलं मूळ कुठलं ते बघू, सगळ्यांनी थुंकी द्यायची, काकांकडची पण सगळी तयार आहेत. तेव्हा बायको घाबरली आणि तिनं रात्री मला सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही. आरशात बघितलं की वाटतं हे नाक कोणाचं. आजोबा काकांना पट्ट्यानं हाणायचे पण अण्णांना कधी बोट लावलं नाही, अण्णा अजून हसत सांगतात की मी शहाणा होतो म्हणून वाचलो. आता कळलं का हात लावत नव्हते, परकं पोर म्हणून. अण्णा ७७ चे आहेत, दोन स्टेंट आहेत. सांगू का नको? माझ्या मुलींना काय सांगू? काकांच्या पोरांना कळलं तर घराच्या वाटणीत काही काढतील का? आणि बायकोशी मी नीट बोलत नाहीये, एवढी मोठी गोष्ट तिनं माझ्यापासून लपवली."

दादा,

पहिलं काम, भाच्याला आजच फोन करा. पुढचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल, घाई फक्त त्या किटची आहे. लोकांना वाटतं ते किट म्हणजे गंमत, थुंकी पाठवायची आणि एवढे टक्के इकडचे एवढे टक्के तिकडचे असा रंगीत नकाशा मोबाईलवर येतो. पण बहुतेक ठिकाणी त्याच रिपोर्टात नातेवाईकांची यादी पण असते, कोणाशी किती जुळतंय त्याची, आणि खरी गडबड तिथं आहे. सख्ख्या भावांचं साधारण निम्मं जुळतं, आई एक आणि वडील वेगळे असले की पाव. सख्ख्या चुलतभावांचं साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आणि तुमच्यासारखी गोष्ट असेल तर त्याच्या निम्मं, सहाच्या आसपास. म्हणजे उद्या तुम्ही आणि काकांचा मुलगा दोघांनी थुंकी दिलीत, किंवा हौसेनं अण्णा आणि काका दोघांनी दिली, की कंपनीचा कम्प्युटर कोणाला न विचारता सांगून मोकळा होणार. आणि तो माणूस कोण होता हे मात्र त्यातून कळणार नाही, त्याच्या घरातल्या कोणी त्याच कंपनीला थुंकी दिली असेल तरच कळलं तर कळलं. घर ढवळायला पुरेल एवढी माहिती मिळणार आणि तुम्हाला जे छळतंय त्याचं उत्तर काही मिळणार नाही, असा हा व्यवहार आहे.

भाच्याला खोटं नका सांगू. अण्णांची तब्येत आहे, घरातल्या मोठ्यांना आत्ता हे नकोय, काकांकडच्यांना पण तूच थांबव, एवढं बास. तो विचारणार का म्हणून, आजकालची पोरं विचारतातच, तर म्हणायचं नंतर सांगतो. 'नंतर सांगतो' यात खोटं काही नाही.

आता जे मी तुमच्या पत्रातून काढलं त्याबद्दल. आज्जीला नेणारी माणसं कोणत्या बाजूची होती ते तुम्ही लिहिलंय, एका ठिकाणी तर शिवीसकट. मी ते मुद्दाम घेतलं नाही, कारण ते छापलं की अर्धे वाचक तिथंच थांबतात, त्यांना पाहिजे होतं ते मिळालेलं असतं आणि मग आज्जी राहते बाजूला. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि इथून तासाभराच्या रस्त्यावरचं नळदुर्ग निजामाच्या राज्यात. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, गावं लुटली, बायकांवर अत्याचार केले, तिकडून पळून आलेली माणसं इथं येऊन राहिली, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज इथूनच नळदुर्गच्या रस्त्यानं आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतरचं मात्र कमी लोक बोलतात. नेहरू सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं मुसलमान वस्त्यांमधले खून, लूट, बायका पळवणं, बलात्कार हे सगळं लिहून ठेवलंय, सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड अशी नावं आहेत त्यात, आणि तो अहवाल पुढं कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. म्हणजे आधी एका बाजूच्या बायका, मग दुसऱ्या बाजूच्या. तुमची आज्जी यातली कुठलीही असू दे, मला जे सांगायचंय ते तेवढंच लागू आहे. दर १७ सप्टेंबरला तुमच्या गावाकडं झेंडावंदन होतं, भाषणं होतात, कोण लढलं कोण हुतात्मा झालं सगळं त्यात येतं, आज्जी येत नाही. अण्णा तर नाहीतच.

नाकाचं बघू. तुम्ही हिशेबातले आहात तर हिशेबच करू की. नातवात एका आजोबाचा साधारण पाव हिस्सा येतो, तुमच्या मुलींमध्ये आठवा. बाकी सगळं आज्जीचं, तुमच्या आईचं, तुमच्या आईच्या आईबापांचं, तुमच्या बायकोकडचं. आणि त्या पाव हिश्श्यात येतं काय, तर नाक, उंची, टक्कल लवकर पडणं, शुगरची शक्यता असलं काहीबाही. एका सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला तीन आठवडे कोंडून ठेवणं हे त्यात येत नाही, ते त्यानं ठरवून केलं, आणि आजूबाजूला अडवणारं कोणी नव्हतं म्हणून त्याला करता आलं. तुम्ही लिहिलंय की परवा धाकटीवर ओरडलो आणि लगेच मनात आलं हे 'त्याचं' तर नाही ना. दादा, आठवीतल्या पोरीवर न ओरडलेला बाप मला सोलापुरात दाखवा, मी सत्कार करते त्याचा.

खरं सांगायचं तर हा रक्ताचा प्रश्न तुमच्या एकट्याच्या डोक्यात आलेला नाही, मोठमोठ्या सरकारांच्या डोक्यातही हाच घोळ होता की हे मूल धरायचं कुठल्या बाजूला. फाळणीत पळवलेल्या बायकांना परत आणायला १९४९ मध्ये कायदा झाला, तो पंजाब, दिल्ली, राजस्थान या उत्तरेकडच्या भागातला, आणि त्यात त्या बाईला परत यायचंय का हे विचारायची सोयच नव्हती. तिथं झालेल्या मुलाचं काय करायचं यावर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत वाद चालले आणि कितीतरी आया मूल मागं ठेवून आल्या. बांगलादेशात ७१ च्या युद्धानंतर मुजीब सरकारनं अशा बायकांना 'बीरांगना' म्हटलं, म्हणजे शूर स्त्रिया, आणि त्यांच्या मुलांसाठी ७२ मध्ये वेगळा आदेश काढून परदेशात दत्तक द्यायची वाट मोकळी केली, त्या जुलैत १५ बाळं कॅनडाला गेली. आईला किताब आणि बाळाला विमानाचं तिकीट. जी देशातच राहिली त्यांना वडिलांच्या नावाशिवाय युद्धशिशू म्हणून मान्यता द्यायचं ठरायला २०२२ उजाडलं, तोवर ती पन्नाशीची झाली होती. रवांडात १९९४ च्या संहारातून वाचलेल्यांसाठी सरकारी निधी होता, शाळेची फी वगैरे त्यातून मिळायची, पण त्यातल्या बलात्कारांतून झालेली मुलं संहार संपल्यावर जन्मलेली म्हणून 'वाचलेल्यां'च्या यादीत त्यांना धरलं नाही. इराकमधल्या यझिदी लोकांचं अजून ताजं आहे, २०१४ मध्ये त्यांच्या बायका-मुली आयसिसनं पळवल्या, २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या धर्मसभेनं सांगितलं की परत येणाऱ्या सगळ्यांना घ्या, आणि काही दिवसांतच खुलासा केला की सगळ्यांना म्हणजे आयसिसवाल्यांपासून झालेल्या मुलांना नाही. आता त्या आईनं करायचं काय, मूल सोडायचं का माहेर, यातलं एक निवड.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की आता परत एकदा आजोबांकडं बघा. १९४८ साल. गर्भपात तेव्हा आपल्याकडं गुन्हा होता, त्याला परवानगी देणारा कायदा झाला १९७१ मध्ये, म्हणजे आज्जीसमोर दुसरा रस्ताच नव्हता, आणि तिला टाकून द्यायला आजोबांना मात्र कोणी अडवलं नसतं, उलट गावानं पाठ थोपटली असती. एक साधा माणूस, कोणा काउन्सेलरनं त्याला चार गोष्टी समजावल्या नव्हत्या, त्यानं बायकोला घेतलं, गाव सोडलं, जमीन सोडली, मिलच्या भोंग्यावर जगायला सुरुवात केली आणि जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं स्वतःचं नाव लावलं. सरकारांना जे जमलं नाही ते या माणसानं एकट्यानं केलं, आणि तुम्ही म्हणताय परकं पोर म्हणून मारलं नाही! मला ते तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांना स्वतःच्या हाताची भीती असावी. काकांना मारताना त्यांना माहीत असायचं की हा मार अभ्यास न केल्याचा आहे. अण्णांवर हात उचलला असता तर तो कशासाठी उचलला गेला हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं, म्हणून त्यांनी तो कधी उचललाच नाही. प्रेम होतं का ते मी छातीठोक नाही सांगणार, पण आयुष्यभर हात आवरून धरणं हे सुद्धा काही कमी नाही.

आणि ते मधलं नाव, त्यावर जरा थांबा. आपल्याकडं माणसाच्या नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो, शाळेच्या दाखल्यापासून लाईट बिलापर्यंत. बोस्नियात ९० च्या दशकातल्या युद्धात जन्मलेली अशी मुलं मोठी झाली तेव्हा त्यांनी साराएव्होमध्ये स्वतःची संघटना काढली, आणि त्यांच्या पहिल्या मोठ्या भांडणांपैकी एक हेच होतं की सरकारी फॉर्मवर वडिलांचं नाव सक्तीनं विचारू नका, एका पालकाचं नाव पुरे. त्यांना २०२२ मध्ये ब्रच्को जिल्ह्यात आणि २०२३ मध्ये बोस्नियाच्या फेडरेशन नावाच्या भागात कायद्यानं मान्यता मिळाली, युद्धाचे बळी म्हणून. युगांडात बंडखोरांच्या छावण्यांमध्ये जन्मलेल्या मुलांचं तसंच, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०२४ मध्ये एका कमांडरच्या खटल्यात भरपाईचा आदेश दिला त्यात ही मुलं बळी म्हणूनच धरली. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं हा सरकारी निर्णय वेगळ्या कारणानं झाला, पण मला तो वाचताना अशाच पोरांची आठवण आली. सांगायचं हे की तुम्ही मनातल्या मनात अण्णांना त्या माणसाच्या बाजूला नेऊन बसवलंय, आणि स्वतःला पण. तुमची जागा आज्जीच्या बाजूला आहे. अन्याय तिच्यावर झाला आणि तिच्या पोटातल्या पोरावर झाला, तो माणूस पलीकडं एकटाच उभा आहे, त्याच्या रांगेत जाऊन कोणी उभं राहायचं कारण नाही.

आता खरा अवघड प्रश्न, अण्णा.

मला दिसतंय की तुम्हाला सांगायचंय. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की हे घेऊन मला जगता येत नाही. ते खरं असणार, पण तुमच्या छातीवरचं उतरवून त्यांच्या छातीवर ठेवू नका, तिथं आधीच दोन स्टेंट आहेत. तुम्हाला बोलायचंय तर माझ्याशी बोला, बायकोशी बोला, सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे तिथं जा, नाहीतर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण. झोप इतके दिवस नसेल तर डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे, त्यात लाजायचं काही नाही. अण्णा हे तुमचं मन हलकं करायचं ठिकाण नाहीत.

पण म्हणून मी 'सांगूच नका' पण म्हणत नाहीये. तुम्ही धरून चाललाय की अण्णांना काही माहीत नाही. कशावरून? अशा मुलांनी मोठेपणी जे सांगितलंय ते ऐकलं तर एक गोष्ट परत परत येते, घरात काहीतरी आहे हे त्यांना लहानपणापासून जाणवत होतं, नक्की काय ते तेवढं माहीत नव्हतं. बोस्नियातल्या त्या संघटनेची जी संस्थापक आहे, तिला शाळेच्या वयात आईची जुनी कागदपत्रं हाताला लागली तेव्हा कळलं. आणि खरी जखम कशानं होते तर भांडणात कोणीतरी तोंडावर फेकल्यानं, शेजारणीच्या कुजबुजीनं, नातेवाईकाच्या टोमण्यानं. अण्णा ७७ वर्षं जगलेत, पाहुण्यारावळ्यांत वाढलेत, गावाचं नाव काढलं की घर गप्प होतं हे त्यांनी बघितलंय. पट्ट्याची गोष्ट ते अजून का सांगतात? हसत सांगतात, पण दर वेळी सांगतात. माणूस जी गोष्ट इतक्यांदा सांगतो ना, तिचं उत्तर त्याला मिळालेलं नसतं, नाहीतर मिळालेलं असतं आणि दुसऱ्या कोणालातरी ते कळावं असं वाटत असतं.

तर दार उघडून बघा, ढकलू नका. आधी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना भेटा, घरात एक जड विषय निघायची शक्यता आहे एवढंच सांगा, गोळ्या वेळेवर चालल्यात ना ते बघा. मग एखाद्या सकाळी, सणवार नको, रात्रीची वेळ नको, जेवणाच्या ताटावर नको, काकांकडची कोणी आलेली नकोत, कंबर तलावावर फिरायला नेता ना त्यांना, तिथं बाकावर बसल्यावर सहज विचारा, अण्णा, आपण गावाला कधी गेलोच नाही ते का हो? आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आपण लगेच पुढचं बोलतो, तसं करू नका. ते म्हणाले जाऊ दे रे, जुनं काय उकरायचं, तर त्यांनी उत्तर दिलं. परत विचारू नका, चहा घ्या आणि घरी या. त्यांना नकोय, आणि नको म्हणायचा हक्क त्यांचा आहे, तुमचा नाही माझा पण नाही. कदाचित ते आपणहून बोलायला लागतील, मग फक्त ऐका, मध्येच 'मला माहीत आहे अण्णा' करू नका, त्यांना त्यांच्या पद्धतीनं पूर्ण करू द्या. आणि समजा त्यांनी तुमच्याकडं बघून विचारलं, तुला काय कळलंय? तर मात्र खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी नाही म्हणालात तर पुढं कधीच सांगता येणार नाही.

सांगायची वेळ आलीच तर काय आधी आणि काय नंतर याला फार महत्त्व आहे. आधी आज्जीवर काय झालं ते, एका वाक्यात, वर्णन नको. मग ती परत आली आणि तिनं अण्णांना वाढवलं. मग आजोबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी त्यांनी नाव दिलं. मग हे आज्जीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, कोणी उकरून काढलेलं नाही. तो माणूस कोण, कोणत्या बाजूचा, हे त्यांनी विचारलं तरच आणि तुम्हाला माहीत आहे तेवढंच, अंदाज नकोत. आणि त्या दिवशी त्यांना एकटं ठेवू नका, पण घोळका पण करू नका.

बायकोबद्दल मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. आज्जीला मुलगे होते, नातू होते, आणि नव्वद वर्षांची झाल्यावर तिनं निवडलं कोणाला तर पाय चेपणाऱ्या नातसुनेला. का ते तुम्हाला कळतं, पुरुषमाणसाला सांगितलं की तो आधी रागावतो, आणि बघा, तुम्ही तेच करताय. तुम्हाला एक महिना झोप नाही, ती दोन वर्षं हे घेऊन तुमच्या शेजारी झोपली, अण्णांना ताट वाढलं, काकांकडच्या लग्नाला गेली. आणि किटचा विषय निघाला तेव्हा 'वेळ आली' हे बरोब्बर तिनंच ओळखलं. लपवलं काय म्हणता, तिनं सांभाळलं. आज रात्री तिच्याशी बोला, आणि तिला विचारा आज्जी नक्की काय म्हणाली, कशी म्हणाली, अण्णांबद्दल काय म्हणाली, कारण आज्जीचे शब्द ऐकलेलं माणूस आता जगात ती एकटीच आहे.

तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलाय की आज्जी लहानपणी अण्णांशी फार कडक होती आणि शेवटी शेवटी मात्र फक्त अण्णांच्याच हातून खायची. त्या ओळीवर तुम्ही थांबला नाहीत, मी थांबले. रवांडातल्या आयांनी हे उघड बोलून दाखवलंय, काही म्हणाल्या की मूल हातात दिलं तेव्हा मला ते नको झालं होतं, काहींना प्रेम यायला वर्षं लागली, काही म्हणाल्या की माझं सगळं गेलं, हेच एक राहिलं. एकाच बाईच्या मनात हे तिन्ही असू शकतं. आज्जीनं अण्णांवर प्रेम केलं का, पुरेसं केलं का, याचा निकाल आपण लावायला नको, तिला बोलायला कोणी दिलं नव्हतं आणि तिनं तरी ते पोर मोठं केलं.

मुलींना आत्ता काही नको. थोरलीची बारावी आहे, ती होऊ दे, आणि अण्णांच्या आधी नातींना कळणं हे बरोबरच नाही, ही गोष्ट पहिली त्यांची आहे. त्यांनी नको म्हटलं तर ते असेपर्यंत थांबा. पुढं सांगाल तेव्हा कुजबुजत सांगू नका, दार लावून, आवाज बारीक करून सांगितलं की पोरींना आधी लाजच कळते, गोष्ट नंतर. पणजीवर काय झालं आणि ती कशी जगली, असं सांगा. आणि सांगाल त्या दिवशी हे सांगायला तुमच्याबरोबर तुमची बायको असू दे.

राहिली वाटणी. काळजी करण्यासारखं फार काही नाही, तरी एकदा वकिलाला दाखवा, कारण मी वकील नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच, असं आपला कायदा धरतो, जुन्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ आहे. ते खोडायचं तर मूल राहण्याच्या काळात नवरा-बायकोची गाठ पडणं शक्यच नव्हतं हे सिद्ध करावं लागतं, आणि आज्जी तीन आठवडेच लांब होती, त्याच्या आधी आणि नंतर आजोबांबरोबरच होती, वर आता पाऊणशे वर्षांनी साक्ष द्यायला कोण येणार? नुसता डीएनए रिपोर्ट दाखवून हे सहसा मोडत नाही, आणि असल्या टेस्टचा आदेश कोर्टांनी ऊठसूट द्यायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये आणि परत २०२५ मध्ये सांगितलंय. तरीपण किट नकोच, कोर्टात टिकत नसलं तरी घरात भांडायला तो कागद पुरतो. वकिलाकडं जाताना सिटी सर्व्हेचा उतारा काढून न्या, अण्णांचं नाव त्यावर लागलंय का बघा, आणि घराचं वाटणीपत्र रजिस्टर केलेलं आहे का नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलंय ते पण. नुसतं कपाटात असेल तर त्याचं पुढं काय करायचं हे त्यांनाच विचारा, आणि काय ते काका धडधाकट आहेत, दोघा भावांचं चांगलं आहे, तोवर उरकून घ्या.